‘गाळ’ की ‘गाय’? वऱ्हाडी उच्चार आणि प्रमाण लेखन

अमरावती, अकोला परिसरात बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडीत ‘ळ’चा उच्चार बहुधा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, पाणी ‘पानी’ होते. बोलताना यामुळे काही अडत नाही. अडते ते लिहिताना. प्रमाण मराठीतील दोन भिन्न शब्द येथे कानाला सारखेच लागतात आणि कानावर विसंबून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातात.

याचा अर्थ बोली अशुद्ध आहे असा नव्हे. हा बदल नियमबद्ध असून, ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडातही वऱ्हाडीची नोंद आहे. असे अन्य भाषांतही घडते. आधुनिक हिब्रूत ‘जर’ आणि ‘सह’ या दोन्ही अर्थांचे शब्द ‘इम’ असेच उच्चारले जातात; मात्र पहिला ‘आलेफ’ने व दुसरा ‘आयिन’ने लिहितात.

‘ळ’ आणि ‘य’

धरणातील गाळ आणि गोठ्यातील गाय, फुलांची माळ आणि जन्मदात्री माय, काळा रंग आणि काया म्हणजे शरीर, या जोड्या बोलीत एकरूप होतात. शंका आल्यास हिंदी शब्द आठवावा. तेथे ‘ल’ असेल तर मराठीत बहुधा ‘ळ’ येतो : काला-काळा, माला-माळ, गला-गळा. हिंदीतही गाय ‘गाय’च राहते.

‘ण’ आणि ‘न’

सण म्हणजे उत्सव, सन म्हणजे वर्ष. मण हे धान्याचे जुने माप, मन म्हणजे चित्त. तण पिकात वाढते, तन म्हणजे शरीर. येथे हिंदीची मदत होत नाही, कारण हिंदीतही ‘पानी’च आहे. हे शब्द जोडीने आणि वाक्यात योजूनच पाठ करावेत. मराठी शब्दाच्या आरंभी ‘ण’ किंवा ‘ळ’ येत नाही, एवढे मात्र निश्चित.

चूक टाळण्याच्या धास्तीने काही जण ‘मण लावून अभ्यास’ असेही लिहितात. प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करणे हा उपाय नव्हे.

ऱ्हस्व आणि दीर्घ

हा घोटाळा केवळ वऱ्हाडापुरता नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनुसार मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे लिहितात. म्हणून कापसाचे ‘सूत’, पण पुत्र या अर्थी ‘सुत’. रक्ताची ‘शीर’, पण मस्तक या अर्थी ‘शिर’. ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, हे दोन्ही संस्कृत असल्याने मुळाप्रमाणेच लक्षात ठेवावे लागतात. विभक्ती लागताच सूत आणि सुत दोन्हींचे ‘सुताला’ होते. तेथे संदर्भच अर्थ ठरवतो.

शिक्षकांनी चुकीच्या शब्दावर केवळ लाल रेघ ओढण्यापेक्षा शेजारी दोन्ही शब्द अर्थासह लिहून द्यावेत. घरची बोली न सोडताही प्रमाण लेखन आत्मसात करता येते.