दोन मैलांचं चित्र, तीन आण्यांत

मुंबईत चाललेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला लागला आणि पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. फाळक्यांच्या चरित्रांतून हा किस्सा सांगितला जातो. गिरगावात, सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ पासून याच चित्रपटाला गर्दी झाली होती. सुरतेचा थिएटरवाला मात्र वैतागलेला. त्याचा हिशेब सरळ होता. इथला माणूस दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघतो, आणि तुम्ही तीन आणे घेऊन त्याला दीड तासात घरी पाठवता. एक तर खेळ लांबवा, नाहीतर तिकीट उतरवा.

फाळक्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं मिळून फक्त तीन आणे. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

मी पोटासाठी कोड लिहितो. पण आमच्या टीममध्ये अ‍ॅपच्या मराठी नोटिफिकेशनच्या ओळीही माझ्याकडेच येतात, कारण ‘तुझं मराठी चांगलं आहे ना’. त्यामुळे कॉपीरायटिंगमध्ये शिरू पाहणारी दोन-चार पोरं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? मी त्यांना कोर्सची लिंक देत नाही, ही सुरतेची गोष्ट सांगतो.

कारण त्यात खरं काम दिसतं. थिएटरवाला वेळ मोजत होता, आणि वेळेच्या मापात फाळके हरणारच होते. त्यांनी माप बदललं. त्या काळात स्टुडिओत जाऊन एक फोटो काढणं हा घरातला सोहळा असे. फाळके स्वतः फोटोग्राफर होते, छापखानाही चालवलेला होता; एका चित्राची लोकांच्या मनात काय किंमत आहे ते त्यांना ठाऊक होतं. सहा तासांशी तुलना केली तर दीड तास म्हणजे फसवणूक. एका फोटोशी तुलना केली तर सत्तावन्न हजार म्हणजे लूट! वस्तू तीच, दरही तोच.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदवलेली आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. गुणाकार केला तर ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा हवेतला नाही, उलट थोडा हात राखूनच सांगितलेला. पण दोन मैल? दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्रपट पाऊण मैलसुद्धा भरत नाही. एकाच जाहिरातीत एक आकडा चोख आणि दुसरा जवळजवळ तिप्पट फुगवलेला. मला विचाराल तर पहिल्या आकड्यानेच काम झालं असतं. दुसरा फाळक्यांच्या उत्साहाने लिहिला असावा.

याच माणसाची आधीची एक जाहिरात मात्र सपशेल पडली होती. नट हवेत म्हणून ‘इंदुप्रकाश’मध्ये दिलेली. तिच्यात कोण हवं यापेक्षा कोणी येऊ नये यावरच जोर: दारुडे, टवाळ, कुरूप यांनी तसदी घेऊ नये. लोक पुष्कळ आले, कामाचे थोडे, आणि बाई एकही तयार होईना. शेवटी तारामती मिळाली ती ग्रँट रोडच्या एका खाणावळीत: अण्णा साळुंके, तिथे दहा रुपये पगारावर काम करणारा तरुण. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. जाहिरातीने न आणलेलं माणूस पाच रुपयांनी आणलं. गैरहजर उमेदवारावर डाफरणाऱ्या नोकरीच्या जाहिराती आजही रोज दिसतात, म्हणून हे सांगितलं.

नंतर त्यांनी एक शब्द फार हुशारीने वापरला. सिनेमात काम करतो म्हटलं की समाज नाकं मुरडणार. म्हणून नटांना सांगून ठेवलं, कोणी विचारलं तर म्हणा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो. दादरला चित्रीकरण चाललेलं, आणि पलीकडे परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे. त्या मुंबईत फॅक्टरीत जाणारा माणूस म्हणजे घर चालवणारा माणूस. समोरच्याच्या डोक्यात आधीपासून इज्जत असलेला शब्द शोधणं, हे अर्धं कॉपीरायटिंग आहे.

दुसरी गोष्ट परळचीच. केशव विष्णू पेंढारकरांनी १९५२ मध्ये तिथल्या राहत्या घरातून विको सुरू केली. सुरुवातीला दंतमंजन, दारोदार फिरून विकलेलं. पुढे हळदीची क्रीम आली, आणि १९७८ पासून केंद्रीय अबकारी खात्याशी वाद कोर्टात गेला: ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? प्रसाधन ठरलं तर कर कितीतरी जास्त. अशा खटल्यांत एक कसोटी असते, की सामान्य गिऱ्हाईक त्या वस्तूला काय समजतं. म्हणजे जाहिरात गिऱ्हाइकाच्या डोक्यात जे भरवते, ते कराच्या दरापर्यंत पोचू शकतं. विकोच्या जिंगलने देशभर थिएटरांतून आणि १९८४ पासून ‘ये जो है जिंदगी’च्या आगेमागे दूरदर्शनवरून हेच घोकवलं, की हे कॉस्मेटिक नव्हे. पडद्यावर मात्र हळद लागलेली नवरी, उजळ चेहरा, लग्नघर. शब्द औषधाचे, चित्र सौंदर्याचं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विकोच्या बाजूने लागला.

फाळक्यांना मैल मोजायला कोणी आलं नाही. आज येतात. १९८५ पासून जाहिरातवाल्यांची स्वतःची मानक परिषद मुंबईतच आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्याच खेपेस दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘सर्वात जलद’ असं लिहून दे म्हटलं, की मी दोन गोष्टी विचारतो: कोणापेक्षा, आणि मोजलं कोणी? बहुतेक वेळा चॅटवर शांतता पसरते आणि मी दुसरी ओळ लिहायला घेतो.