बऱ्हाणपूरचे पट्टे

क्रोशाने बाळाचे दुपटे विणताना ओळ संपली की लोकर बदलावी. नवा पट्टा सुरू होतो. ही कला आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. पट्ट्यांची हौस मात्र येथे फार जुनी, आणि तापीकाठचे बऱ्हाणपूर हे तिचे एक मोठे पीठ होते.

१६३० ते १६३२ ह्या काळात गुजरात व दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यातच १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल चौदाव्या अपत्याला जन्म देऊन बऱ्हाणपुरातच वारली. ती कन्या, गौहरआरा, १७०६ पर्यंत जगली. विणकरांच्या पोरांची नावे दरबारी इतिहासकार लिहीत नसत.

१६४१ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथून गेला. शहराची बरीच पडझड झालेली, घरे बहुतेक शाकारलेली, असे तो लिहितो. आणि त्याच शहराचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाई! त्याच्या ओढण्या होत, पलंगपोस होत. काही कापड पांढरेच ठेवून त्यात लांबीभर सोन्याचांदीचे एकदोन पट्टे सोडीत. पदराची वीण अशी की, उलट कोणती नि सुलट कोणती, हे कळू नये.

मागावर असा उभा पट्टा ताणा लावतानाच ठरवावा लागतो. क्रोशासारखे मध्येच मन बदलून चालत नाही. म्हणजे जरीचा पैसा वीतभर कापड निघण्यापूर्वीच उभा हवा. दुष्काळ सरून दहाच वर्षे झालेली. तो पैसा विणकराच्या घरचा असणे कठीण, बहुधा व्यापाऱ्याचाच असावा.