पेटीतले इराण

दिवाळी आठवड्यावर आली की घरोघर माळे उपसले जातात. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत होतात, गाद्या उन्हात पडतात आणि साऱ्यांच्या तळाशी एखादी पत्र्याची पेटी निघते. तिच्यात आजोबांची पत्रे, जुनी खरेदीखते, कुणाच्या तरी लग्नाचा जमाखर्च. अक्षर मोडी, घरात ते कुणालाच लागत नाही. पेटी जागा अडवते, आणि रद्दीवाला तर दारातच उभा असतो. इतिहासाची एवढी हानी इतक्या प्रसन्न मनाने दुसऱ्या कोणत्याही सणाला होत नसेल!

या पेटीची आठवण मला झाईच्या निमित्ताने झाली. महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात, समुद्रकाठी हे गाव आहे. गाव ओलांडले की गुजरात. 1960 साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा काही भाग तिकडे गेला, काही इकडे राहिला. झाईपासून बोर्डी, घोलवड, डहाणूपर्यंत चिकूच्या वाड्या लागतात. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे त्याचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. परक्या झाडाने इथल्या मुळांवर उभे राहायचे आणि फळ मात्र आपले द्यायचे. या पट्ट्यातल्या कित्येक वाडीवाल्यांची कहाणीही काहीशी अशीच आहे. त्यांचे आडनाव इराणी.

पारशी आणि इराणी यांत आपण सहसा फरक करीत नाही. दोघेही जरथुष्ट्री खरे. पण एक फार पूर्वी आले, दुसरे अलीकडे. पहिल्यांचे गलबत ज्या संजाण बंदराला लागले, ते झाईच्या उत्तरेला जवळच आहे. हे आगमन आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी झाले असे मानतात. त्याची हकीगत मात्र बहमन कैकोबाद या धर्मगुरूने नवसारीस फारसी पद्यात लिहिली ती 1599 साली. म्हणजे सहा ते आठ शतके हा इतिहास केवळ तोंडी वाहत आला. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून ठेवला, हेही त्या ‘किस्से-संजाण’मध्येच आहे. तो डोंगर झाईच्या पूर्वेला उभा आहे. बहमनने लेखणी उचलली नसती, तर आज त्या डोंगराकडे पाहून कोणाला काय आठवले असते?

दुसरी लाट आली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी, यझद आणि केरमान या भागांतून. तिथे उरलेल्या जरथुष्ट्रींना जिझिया भरावा लागे. घोड्यावर बसू नये, उंच घर बांधू नये, अमुकच रंगाचे कपडे घालावेत, असे निर्बंध होते. 1870-71 च्या दुष्काळाने तर कंबरडेच मोडले. लोक काफिल्यांबरोबर बंदर अब्बासपर्यंत यायचे आणि तिथून जहाजाने मुंबई गाठायचे. कोणी पारशांच्या घरी चाकरी केली, कोणी बेकरीत राबले, कोणी चहाचे दुकान थाटले. त्यांतलेच काही पुढे डहाणूच्या अंगाला जमिनीवर स्थिरावले.

त्यांच्याआधी आलेल्या एका मुलीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. 1796 साली केरमानचा कैखुस्रो यझदियार हा गृहस्थ आपली मुलगी गुलिस्तानबानू हिची अब्रू वाचवण्यासाठी तिला घेऊन मुंबईस पळून आला. ती फ्रामजी भिकाजी पांडे यांची पत्नी झाली आणि हे घर इराणातून येणाऱ्या निराश्रितांचा आधार बनले. तिच्या मुलांनी मदतीचा निधी उभारला. 1854 साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला धाडले, त्यामागेही याच कुटुंबाची खटपट होती. हातारियांनी तिथे शिरगणती केली, तेव्हा सात हजारांच्या आसपास माणसे निघाली. त्यांनी शाहाच्या दरबारी अठ्ठावीस वर्षे चिकाटी धरली आणि 1882 साली जिझिया रद्द झाला. एका आईची आठवण मुलांनी सांभाळली, म्हणून हजारोंची मान मोकळी झाली. घरगुती इतिहास म्हणजे म्हाताऱ्यांचा वेळ घालवायचा उद्योग, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण हा इतिहास टिकवणे इराण्यांना फार अवघड. त्यांची घरातली दरी नावाची बोली सहसा लिहिलीच जात नाही. लिहिता येत असेल तर आजोबा लिहिणार फारसीत, मुलगा शाळेत गुजराती शिकणार, नात इंग्रजीत. तीन पिढ्या, तीन लिप्या, आणि एकीचे दुसरीला वाचता येत नाही. नावांचाही घोटाळा. आधी आले त्यांना आडनावच नव्हते. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच. इथे सगळेच ‘इराणी’ झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इराणात आडनावांची सक्ती झाली, तेव्हा तिकडे राहिलेल्या भावाने दुसरेच नाव घेतले. एकाच बापाची लेकरे, पण कागदावरून नाते जुळायचे नाही.

असेच कोडे दूर उत्तरेकडच्या एका लोकांना पडले होते. 4 जुलै 1825 रोजी नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरातून एक लहानसे गलबत बावन्न माणसे घेऊन निघाले आणि न्यूयॉर्कला त्रेपन्न पोचली. वाटेत एक मूल जन्मले होते. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक त्या वाटेने गेले. त्यांनी घरी धाडलेली ‘अमेरिका-पत्रे’ गावोगाव उतरवून घेतली जात. शंभर वर्षे भरली तेव्हा नातवंडांना ती वाचता येईनाशी झाली होती. म्हणून 1925 साली त्यांनी मिनेसोटातल्या सेंट ओलाफ कॉलेजात एक इतिहासमंडळ काढले. कादंबरीकार रोल्व्हाग त्याच्या संस्थापकांत होते. पत्रे, रोजनिशा, चर्चच्या वह्या गोळा झाल्या, भाषांतरित होऊन छापल्या गेल्या. शेतकऱ्याच्या पत्राला त्यांनी सरदाराच्या बखरीचा मान दिला.

मात्र त्या कागदांतही एक पोकळी आहे. नॉर्वेकरांनी नांगरलेली पुष्कळशी जमीन डकोटा लोकांची होती, आणि पत्रांत ते क्वचितच भेटतात. आपल्याकडेही तेच. या किनाऱ्यावर वाड्यांना पाणी घालणारा, कलमे जपणारा वारली कागदावर असलाच तर मजुरीच्या आकड्यापुरता, नाहीतर कर्जखताखालच्या अंगठ्यापुरता. लग्नासाठी कर्ज काढून आयुष्यभर राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ने आपली कथा कोठे लिहावी? 23 मे 1945 रोजी याच तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. ती हकीगत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात 1970 साली लिहून ठेवली, म्हणून ती उरली. ज्याच्याजवळ पेटी नाही, त्याचा इतिहास दुसऱ्याने तरी लिहावा लागतो.

म्हणून यंदा पेटी निघाली, तर एक करावे. फराळाची ताटे पुढे असताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवावे आणि जुन्या फोटोंच्या पाठीवर नावे लिहून घ्यावीत. गाव कोणते, कोणत्या साली सोडले, का सोडले, हे विचारावे. वाडीवर, शेतावर कोण राबत होते, त्याचेही नाव विचारावे. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. फारसी वाचणारीही शोधली तर सापडतील. रद्दीवाला काय, पाडव्यानंतरही येतोच.