पाय मिळाला, तोलही मिळावा

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला सारा मुलूख ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. रणात पडलेल्यांची अशी नोंद आपण ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण पाय गमावून जे परतले, त्यांची झुंज घराच्या उंबऱ्यापाशी सुरू झाली. मला आज तिच्याविषयी सांगायचे आहे.

जायबंदी जवानांना हातचा धंदा शिकवणारे क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल १९१७ मध्ये सुरू झाले. खडकीची हीच ती संस्था. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. १९७१च्या युद्धात सुरुंगावर पाय पडलेले मेजर इयान कार्डोझो इथलाच कृत्रिम पाय लावून पुन्हा सेवेत आले आणि त्यांनी पलटणीचे नेतृत्वही केले.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांची दुखापत वेगळी होती. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दुखापतीनंतरच्या सरावाचे मोल यावरून कळावे.

कृत्रिम पाय बसला की काम झाले, असे आपल्याला वाटते. खरे शिक्षण तिथून पुढे असते. आपल्या तळव्याला खडा लागला की घोटा आपोआप वळतो. कृत्रिम पायाकडून अशी वर्दी येत नाही. म्हणून आधी समांतर दांड्यांमध्ये उभे करून दोन्ही पायांवर वजन तोलायला शिकवतात. मग जिना. चढताना धडधाकट पाय पुढे, उतरताना कृत्रिम पाय पुढे. त्यानंतर उतार, खडबडीत वाट आणि पडलेच तर उठायचे कसे, हेही.

अमेरिकेत सॅन दिएगो इथे गुडघ्याखाली एक पाय गमावलेल्या १४ सैनिकांना सरकत्या पट्ट्यावर मुद्दाम ठेचकाळायला लावले. ते खाली पडू नयेत म्हणून अंगाला दोर बांधलेला होता. दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहाच धडे झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ते तोल सावरायला शिकले, आणि सहा महिन्यांनंतरही ती सवय अंगात टिकून होती.

आमच्याकडचा जवान घरी परततो, तेव्हा त्याच्यापुढे गुळगुळीत फरशी नसते. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरउतारावरची खाचरे आणि पावसात शेवाळलेल्या पायऱ्या, तर सांगलीकडे उसाच्या सऱ्या, पाट आणि काळ्या रानातला चिखल. इथे एकदा चारचौघांत पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने बांधावर जाणे सोडतो, मग पारावर बसणे सोडतो. चालणे कमी झाले की उरलेली ताकदही जाते आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो.

दोन्ही जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. पेन्शनच्या कागदांसाठी जवान तिथे येतोच. त्याच वेळी वर्षातून एकदा त्याच्या चालीची तपासणी आणि तोल सावरण्याचा सराव झाला, तर त्याला आपल्या रानात जाताना कुणाचा हात धरावा लागणार नाही.