गेरू, राख आणि माती

घोड नदीचं पात्र उन्हाळ्याने रोडावलं आहे. तुम्ही उभे आहात ती जागा पुढे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात मोडेल; आज मात्र ना पुणं आहे ना शिरूर. काळ साधारण इसवी सनपूर्व १३००. समोरच्या कुडाच्या चौकोनी घरांच्या वस्तीला पुढे कधीतरी इनामगाव हे नाव पडेल आणि डेक्कन कॉलेजचे लोक ती मातीखालून उकरून काढतील. या प्रवासाचा नियम एकच: पाहायचं सगळं, पण कुणाला काही सांगायचं नाही. हा नियम पाळणं किती जड जातं ते लवकरच कळेल.

एका घरापुढे एक म्हातारा कॅल्सेडनीच्या गोट्यातून पातळ पाती काढतो आहे. दगडावर नेमका दाब पडतो आणि वस्तऱ्यासारखी धार असलेली चिरफळी सुटते. तुमच्यासमोरच त्यातलं एक पातं मोडतं. तो ते फेकून देतो आणि दुसरं काढतो. पलीकडे दुसरा माणूस तांब्याची छिन्नी ठोकतो आहे. तिची धार दगडी पात्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण ती वाकली तर सरळ करता येते, बोथट झाली तर पुन्हा ठोकून पातळ करता येते आणि अगदीच झिजली तर वितळवून नवी ओतता येते. ठोकून ठोकून तांबं ताठर झालं की तो ते विस्तवात धरतो आणि मऊ करून पुन्हा ऐरणीवर घेतो.

दगडात सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना ठरावीक दिशेने घट्ट धरून असतात. ती पकड सुटली की दगड तुटतोच. तांब्याच्या अणूंनी मात्र आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या मालकीचे करून टाकलेले असतात. थर एकमेकांवरून सरकले तरी तो सामाईक साठा त्यांना धरून ठेवतो. धातू ठोकला तर पसरतो, ओढला तर तार होते, उष्णता आणि वीज वाहून नेतो, हे सगळे गुण या एका उधळेपणातून आलेले आहेत.

हे तांबं इथलं नाही. भोवतालच्या काळ्या पाषाणात तांब्याचं खनिज नाही, त्यामुळे ते लांबून येतं आणि जपून वापरलं जातं. खनिजातून ते सोडवणं त्यामानाने सोपं. तांब्याची ऑक्सिजनशी मैत्री बेताचीच आहे. कोळशाच्या धगधगत्या भट्टीत कार्बन पुढे आला की ऑक्सिजन तांब्याला सोडून कार्बनकडे जातो. १०८५ अंशांना तांबं वितळतं, आणि भाता नीट चालवला तर एवढी धग मिळते.

आता जवळच्या मडक्याकडे पाहा. लांब तोटीचं, लाल अंगाचं, त्यावर काळी नक्षी. ती लाली लोखंडाची आहे, लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. गेरूचा रंगही तोच. तांब्याच्या तुकड्याला जिवापाड जपणाऱ्या या माणसांच्या घरात लोखंड मडक्यामडक्यावर चढलेलं आहे. चुलीतल्या राखेत पोटॅशियम आहे. सारवलेल्या भुईच्या मातीत ॲल्युमिनियम आहे. ओरडून सांगावंसं वाटतं ना? सांगितलं तरी काही होणार नाही. धातू कुठे आहे हे कळणं हा कामाचा लहान भाग. त्याला ऑक्सिजनपासून तोडायचं बळ या भट्टीत नाही, आणि पुढचा सगळा प्रवास त्या बळाचाच आहे.

सहाशे वर्षं पुढे आणि पूर्वेला चला. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड. इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपास इथले लोक आपल्या मृतांभोवती मोठाल्या दगडांची वर्तुळं मांडतात. पण तुमचं लक्ष वेधतो तो विटांच्या लहानशा गोल भट्टीचा श्वास. मातीच्या नळीतून भात्याचा वारा आत जातो, खनिजाचे खडे आणि कोळसा थरांनी रचलेले आहेत.

खाली रस वाहतो आहे, पण ते लोखंड नव्हे. ती मळी आहे, खनिजातली वाळू थोडं लोह पोटात घेऊन वितळलेली. लोखंड १५३८ अंशांना वितळतं आणि या भट्टीची धग तिथवर पोचत नाही. तरीही काम होतं. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो, तो खड्यांच्या फटीफटीत शिरून ऑक्सिजन काढून घेतो आणि मागे उरतो लोखंडाचा सच्छिद्र, ओबडधोबड गोळा. तो लालबुंद असतानाच घणाखाली घेतात. प्रत्येक ठोक्याला उरलीसुरली मळी ठिणग्यांसह पिचकारते आणि गोळा सांधला जातो.

तांब्यापेक्षा लोह ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून बसतं, म्हणून इथे वारा, कोळसा आणि कसब तिन्ही जास्त लागलं. त्याची किंमत पुढेही मोजावी लागते. नवीकोरी कुऱ्हाड पावसात विसरली की थोड्याच दिवसांत तिच्यावर तांबूस पूड धरते. इनामगावच्या मडक्यावर लोहाचा जो रंग होता त्याच्याकडेच ही कुऱ्हाड परत निघालेली असते.

आता मेवाडात, उदयपूरच्या दक्षिणेला, जावरच्या डोंगरात. इसवी सन १४५० च्या सुमाराचा काळ. राणा कुंभांचं राज्य. गाव यायच्या आधी वास येतो. खनिज जस्त आणि गंधकाचं आहे. ते उघड्यावर भाजलं की गंधक ऑक्सिजनशी जोडला जातो आणि घसा खवखवणारा धूर होऊन निघून जातो. नाकाला पदर लावून पुढे या, कारण इथे पाहायचं आहे ते कुठेच इतक्या मोठ्या प्रमाणावर चालत नाही.

जस्ताची अडचण तुम्हाला एव्हाना ओळखता येईल. कोळशाने त्याचा ऑक्सिजन सुटतो, पण त्याला हजार अंशांच्या वरची धग लागते. जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे सुटका होते तेव्हा ते घन नसतं, द्रवही नसतं, वाफ असते. उघड्या भट्टीत ती वाफ वर जाते, निळसर-हिरव्या ज्योतीने जळते आणि पांढरी भुकटी होऊन बसते. क्रिकेटपटू नाकावर जो पांढरा लेप लावतात त्यात हीच भुकटी, झिंक ऑक्साइड, असते. धातू हाती आला आणि त्याच क्षणी निसटला.

जावरच्या कारागिरांनी भट्टी उलटी केली. समोर बसलेला माणूस वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेलं खनिज, कोळशाची पूड आणि मीठ यांच्या सुकवलेल्या गोळ्या भरतो आहे. मधोमध एक काडी खोचतो. तोंडाला मातीचीच नळी लिंपून बसवतो आणि सगळं उपडं करतो. काडी होती म्हणून गोळ्या खाली सांडत नाहीत; आगीत ती जळाली की तिच्या जागी वाफेला वाट होते. अशा ३६ मुशी एका भट्टीत, छिद्रांच्या जाड विटांवर, सहाच्या सहा ओळींत. वर आग, आणि छिद्रांमधून खाली उतरलेल्या नळ्यांची तोंडं गार कोठडीत. वाफ वर जाऊच शकत नाही. ती खाली उतरते, थंड होते आणि थेंबाथेंबाने भांड्यात पडते. हवेशी गाठ पडेपर्यंत ती द्रव झालेली असते.

बाजूला सात-सात भट्ट्यांच्या रांगा आहेत. वापरलेल्या मुशी पुन्हा उपयोगी पडत नाहीत, म्हणून लोक त्या भिंतीत चिणतात. गावातली घरं मुशींची बांधलेली दिसतात. हे जस्त तांब्यात मिसळून पितळ होणार. पुढे १७३८ मध्ये ब्रिस्टलचा विल्यम चॅम्पियन जस्त गाळण्याचं पेटंट घेईल, आणि त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरेल. मूस ज्या मातीची घडली तिच्यात ॲल्युमिनियम होतं. बाराशे अंशांच्या आगीत कोळशाच्या अंगाला अंग लावून ते तासन्‌तास बसलं, पण जागचं हललं नाही.

लंडन, ६ ऑक्टोबर १८०७. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत एक २८ वर्षांचा तरुण वाकून उभा आहे, हम्फ्री डेव्ही. त्याच्यापुढे पोटॅशचा लहानसा खडा. पोटॅश म्हणजे लाकडाच्या राखेतला क्षार. राखेने खरकटी भांडी निघतात ती त्याच्याच जोरावर, कारण तो तेलकटपणा तोडतो. रसायनशास्त्रज्ञांना संशय आहे की हा मूळ पदार्थ नसून त्यात काहीतरी दडलेलं आहे. ते बाहेर कसं काढायचं हा प्रश्न.

खोलीत भट्टीऐवजी तांबं आणि जस्त यांच्या पत्र्यांची थोरली बॅटरी आहे. जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं, तांबं त्यामानाने नाखूश, आणि त्यांच्या या स्वभावातल्या फरकातून प्रवाह वाहतो. म्हणजे कोळशाने सोडवलेले दोन धातू आज तिसऱ्याला सोडवायला उभे केले आहेत. डेव्हीला इलेक्ट्रॉन ठाऊक नाही, तो शोध १८९७ मधला. तुम्हाला ठाऊक आहे, पण नियम नियम आहे.

आधी त्याने पोटॅश पाण्यात विरघळवून पाहिलं होतं. तेव्हा फक्त पाण्याचंच विघटन झालं. आता खडा नुसता दमट आहे, वीज वाहण्यापुरता. प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवलेला खडा दोन्ही टोकांना वितळू लागतो. वरच्या टोकाशी वायूचे बुडबुडे. खालच्या, ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब. काही थेंब फटकन पेट घेतात, काही क्षणात पांढऱ्या सायीने मळकतात. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचतो. तिथे हजर असलेला त्याचा चुलतभाऊ एडमंड पुढे ही आठवण सांगेल.

एक थेंब पाण्यात पडू द्या. तो बुडत नाही. पृष्ठभागावर सुसाट धावत जांभळट ज्योतीने जळतो: पोटॅशियमने पाण्यातला हायड्रोजन हुसकावला आणि त्या झटापटीच्या उष्णतेने हायड्रोजन पेटला. पाण्यावर तरंगणारा, सुरीने कापता येणारा, ६४ अंशांच्या आतच वितळणारा धातू असू शकतो का? पुढे यावर वाद होतील. डेव्हीचं म्हणणं, चकाकी आहे, वीज वाहते, ठोकलं तर पसरतं, मग वजन कमी म्हणून नाकारायचं कशाला. काही दिवसांतच तो सोडियमही वेगळं करेल. या धातूंना हवा आणि पाणी दोन्ही वर्ज्य, म्हणून ते नॅफ्था तेलात बुडवून ठेवावे लागतात.

शेवटचा मुक्काम अमेरिकेतलं ओबर्लिन, २३ फेब्रुवारी १८८६. घरामागच्या लाकडं ठेवायच्या खोलीत २२ वर्षांचा चार्ल्स मार्टिन हॉल आणि त्याची बहीण ज्युलिया. तीही रसायनशास्त्र शिकलेली. ॲल्युमिनियम या काळात मिळत नाही असं नाही. पण ते सोडवायला सोडियम खर्ची घालावं लागतं, म्हणून १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मौल्यवान वस्तूंच्या पंगतीला बसलं होतं. वीज लावायची तर त्याचं ऑक्साइड आधी द्रवरूप हवं, आणि ते दोन हजार अंशांच्या वर वितळतं. हॉलची युक्ती अशी की ऑक्साइड वितळवायचं नाही, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचं. हजार अंशांच्या आसपास काम भागतं.

आधीच्या प्रयत्नात मात्र हाती राखाडी थर आला होता. मूस मातीची होती आणि मातीतलं सिलिकॉन रसात उतरून घोटाळा करत होतं. म्हणून आज मुशीला आतून कार्बनचं अस्तर आहे. घरी बनवलेल्या बॅटऱ्यांमध्ये जस्त झिजतं आहे. काही तासांनी रस थंड होतो, फोडला जातो आणि आत रुपेरी गोळ्या दिसतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू हीच रीत शोधतो. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये.

आजही कारखान्यात ॲल्युमिनियम याच रीतीने निघतं. ऑक्सिजन ज्या कांड्यांवर सुटतो त्या कार्बनच्या असतात आणि जळून कार्बन डायऑक्साइड होतात. इनामगावच्या तांब्यासाठी कोळसा पुरला, पोटॅशियमसाठी वीज लागली, इथे वीज आणि कार्बन दोघांनी मिळून ओढलं. माणसाला धातू कोणत्या क्रमाने हाती लागले ते आठवा: तांबं, लोखंड, जस्त, मग पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम. शाळेच्या पुस्तकातली धातूंच्या क्रियाशीलतेची श्रेणी खालून वर वाचली तरी ढोबळ मानाने हाच क्रम येतो. जो जितका जोमाने ऑक्सिजनला धरतो, तो तितका उशिरा सापडला.

आता घरी या. सांगायची बंदी उठली. तुमच्या छपराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे. लोखंडाआधी स्वतः झिजायचं हे त्याचं काम. ॲल्युमिनियमचं पातेलं जस्ताहून क्रियाशील असूनही टिकतं, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, न सुटणारा थर बसतो. चिंच आणि मीठ तो थर कुरतडतात, म्हणून त्यात लोणचं मुरवू नये. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, कारण आंबट तांब्या-जस्ताला विरघळवतं. मध्ये कथलाचा थर आला की ते थांबतं.

आणि भंगारवाला दारात आला की काट्याकडे नीट पाहा. तांब्याचा भाव चढा, कारण ते जमिनीत कमी. पण ॲल्युमिनियम तर भूकवचात सगळ्या धातूंहून जास्त आहे. कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवरचा बॉक्साइट हे त्याचंच खनिज. तरी ते लोखंडाहून महाग जातं. किलोभर ॲल्युमिनियम नव्याने काढायला साधारण १४ युनिट वीज लागते, जुनं वितळवायला त्याच्या विसाव्या हिश्शाइतकी ऊर्जा पुरते. माती कुठेही फुकट मिळते. भंगारवाला मोजतो ते पैसे ऑक्सिजनपासून एकदा तोडून ठेवलेल्याचे, आणि चेपलेलं पातेलं उकिरड्यावर टाकलं तर ते तोडणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.