पिकअपच्या हौद्यावरची लाकडी खोली

पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यात बसवायची आणि काम झाले की उतरवून ठेवायची लहानशी खोली म्हणजे पिकअप कॅम्पर. अमेरिकेत ती कारखान्यात बनू लागली त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी, शिकारी आणि सुट्टीवर निघालेले कामगार ती अंगणात स्वतः ठोकत होते. तिचा इतिहास मुख्यतः वजनाचा आहे. गाडी पेलेल तेवढ्याच भारात बिछाना, चूल आणि पावसापासून आडोसा कसा बसवायचा, हा प्रश्न दर पिढीने हाती असलेल्या लाकडाने, सरसाने आणि कापडाने सोडवला.

या खोलीची आतली मांडणी मोटारीपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायोमिंगच्या माळरानावर मेंढपाळ महिनोन्महिने कळपामागे फिरत. त्यांच्यासाठी जो गाडा तयार झाला, त्याचे श्रेय बहुधा रॉलिन्स गावचा लोहार जेम्स कँडलिश याला आणि १८८४ या वर्षाला दिले जाते. घोडे जोडायच्या साध्या गाड्यावर लाकडी कमानी उभारून त्यांवर जाड कापड ताणलेले असे. आत शिरायचे दार पुढच्या बाजूला आणि तेही मधून आडवे दुभागलेले असे, म्हणजे खालची फळी बंद ठेवून वरून लगाम धरता येत. दाराशेजारीच लोखंडी शेगडी, पलीकडच्या टोकाला गाड्याच्या रुंदीभर आडवा बिछाना, बिछान्याखालून ओढून काढायचे टेबल आणि दोन्ही बाजूंना बसायचे लांब बाक, अशी आतली रचना होती. सर्वांत कल्पक भाग म्हणजे हे बाक चाकांच्या वर बाहेर काढलेले असत. खाली चाकांपुरती अरुंद आणि वर माणसाला पाय पसरता येतील एवढी रुंद, अशी ती पेटी होती. पुढे पिकअपच्या हौद्याच्या कडांवरून कॅम्परच्या भिंती बाहेर काढल्या गेल्या, त्या याच युक्तीने. आडवा बिछाना आणि दारालगतची चूल हेही आजच्या घरगुती कॅम्परमध्ये बऱ्याचदा जसेच्या तसे आढळते.

मोटार आली तेव्हा तिच्यावर सुतारकाम करणे कोणालाच परके वाटले नाही, कारण मोटारीच लाकडाच्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टीचे अंग लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवून बनत असे. १९१७ साली आलेली फोर्डची एक टनी मॉडेल टीटी तर नुसता सांगाडा, इंजिन आणि चाके एवढीच विकली जाई. वरची पेटी गिऱ्हाइकाने गावच्या सुताराकडून करून घ्यायची. अशा गाडीवर धान्याची पेटी बसवायची की राहायची खोली, हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिथल्या तळावर तंबूंबरोबर अशा घरगुती पेट्याही उभ्या राहू लागल्या. १९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्डने तयार हौद्याची मॉडेल टी २८१ डॉलरना बाजारात आणली. कारखान्यात बसवलेला हौदा घेऊन आलेली ही फोर्डची पहिली पिकअप. तिचे इंजिन जेमतेम २० अश्वशक्तीचे होते. चढावर प्रत्येक फळी जाणवे, त्यामुळे त्या काळच्या पेट्यांना भिंती कमरेपर्यंतच लाकडी आणि वर कापडाच्या असत.

पूर्ण लाकडी भिंती परवडू लागल्या त्या प्लायवूडमुळे, आणि हा टप्पा जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या डग्लस फर झाडाचे पातळ पापुद्रे सोलून, त्यांचे रेषे एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवलेले तक्ते १९०५ साली ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या प्रदर्शनात मांडले गेले. ते बनवणाऱ्यांनी सरस रंगाच्या ब्रशने लावला होता आणि दाब देण्यासाठी घरे उचलायचे जॅक वापरले होते. माल खपला तो दारांच्या चौकटींतील पट्टांसाठी. १९२० च्या सुमारास मोटारींच्या पायऱ्यांसाठीही मोटार कारखाने तो घेऊ लागले, पण तिथेच त्याची उणीव उघडी पडली. प्राण्यांच्या हाडाकातड्याचा वा रक्ताचा सरस पाण्यात टिकत नाही. पावसाळी रस्त्यावर धावलेल्या गाड्यांच्या पायऱ्यांचे थर सुटू लागले आणि कारखाने पत्र्याकडे वळले. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कॅम्परची तर याहून वाईट गत झाली असती. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबरडीन येथे हार्बर प्लायवूड कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पाण्याला पुरून उरणारा सरस तयार केला. घरगुती कॅम्परच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची तारीख कोणती, असे विचारले तर हीच सांगावी लागेल. त्यामुळे तक्ता आडोशालाच ठेवायची गरज संपली, आणि चार फूट रुंद, आठ फूट लांब एवढ्या मापाची एक अखंड, न तडकणारी भिंत कोणालाही लाकडाच्या वखारीतून आणता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धाने या तक्त्याची परीक्षा घेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये बांधलेल्या हिगिन्स बोटी, टॉर्पेडो बोटी, सैन्याच्या बराकी आणि वजनाने हलकी ग्लायडर विमाने यांत प्लायवूड मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. युद्ध संपल्यावर कारखाने तोच माल नागरिकांसाठी काढू लागले, आणि घरी परतलेल्या लाखो सैनिकांपैकी अनेकांना हातोडी-करवत परकी राहिली नव्हती. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’सारखी मासिके घरी बांधायच्या वस्तूंचे आराखडे छापत होती. जायला नवे रस्तेही होते. युद्धासाठी १९४२ साली घाईघाईने काढलेला अलास्का महामार्ग १९४८ मध्ये सर्वसामान्य वाहनांना खुला झाला. शेकडो मैल खडीचा रस्ता आणि वाटेत मुक्कामाची ठिकाणे विरळ, अशा प्रवासात मागे ओढायच्या लांब ट्रेलरपेक्षा गाडीच्याच पाठीवर बसलेली खोली सोयीची ठरे. १९५० च्या दशकात डॉन हॉल यांनी प्रवासात खाली बसणारा आणि मुक्कामी वर उचलला जाणारा कॅम्पर बनवून त्याला ‘अलास्कन’ असे नाव दिले, त्यामागे हीच ओढ होती.

त्याच दशकात पिकअपचा हौदाही बदलला. आधी तो अरुंद असे आणि चाकांवरची फुगीर आच्छादने त्याच्या बाहेर राहत. १९५७ मध्ये फोर्डने आणि १९५८ मध्ये शेव्हरोलेने गाडीच्या पूर्ण रुंदीचा, सपाट बाजूंचा हौदा आणला. आच्छादने आत आली, तरी त्यांच्यामधून चार फुटांचा तक्ता सपाट बसेल एवढी जागा राहिली. लांब हौदा आठ फुटांचा. म्हणजे प्लायवूडचा एक अख्खा तक्ता हीच कॅम्परची जमीन झाली. झोपण्याचा मंच पुढे ड्रायव्हरच्या टपावर काढला की उभे राहायला आठ फूट मोकळे राहत. बांधणाऱ्याचे निम्मे मोजमाप गाडीने आणि वखारीनेच करून दिले होते.

मोजमापापेक्षा वजनाचे गणित कठीण होते. ‘अर्धा टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिकअपचा नाममात्र भार हजार पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो. त्यात दोन माणसे आली, तर उरले ३०० किलो. फरच्या प्लायवूडचा अर्धा इंच जाडीचा एक तक्ता साधारण २१ किलोचा असतो. जमीन, भिंती, छत आणि टपावरचा मंच यांना दहा तक्ते धरले, तर २१० किलो संपले, आणि अजून सांगाडा, शेगडी, बिछाना यांचा पत्ता नाही. २० गॅलन पाणी घेतले, तर आणखी ७५ किलो. पाव इंची तक्ता वापरला की पेटीचे वजन जवळपास निम्मे होते. घरबांधणीत मुरलेला सुतार इथे सवयीने चुकत असे. तो भिंतीसाठी ३८ बाय ८९ मिलिमीटरच्या कड्या उभ्या करी आणि जाड तक्ते ठोके, कारण घराला वजन कधी महाग पडत नाही. असा कॅम्पर मजबूत होई, पण मागचे पाटे सरळ होऊन जात, वळणावर गाडी कलंडू पाही आणि टायर तापत. त्यातही भार कुठे पडतो हे महत्त्वाचे होते. एकंदर भाराचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे राहायला हवा. तो आसामागे सरकला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून पाण्याची टाकी आणि जड सामान हौद्याच्या पुढच्या भागात, शक्य तितके खाली ठेवण्याची रीत पडली.

हलकेपणाची खरी विद्या होडी बांधणाऱ्यांकडे होती. होडीत फळी नुसती झाकण नसते. वाकवून, चिकटवून ती सांगाड्याबरोबर भार वाहते. १९५३ मध्ये ग्लेन विट या नौकारचनाकाराने कॅलिफोर्नियात घरी बांधायच्या प्लायवूड होड्यांचे आराखडे विकायला सुरुवात केली आणि त्यांच्या ग्लेन-एल कंपनीने पुढे कॅम्परचेही आराखडे दिले. हा प्रवास स्वाभाविक होता. होडीच्या रीतीने बांधलेल्या कॅम्परमध्ये सांगाड्याला ३८ बाय ३८ किंवा त्याहून बारीक पट्ट्या पुरत, कारण पातळ प्लायवूड त्यांना सरसाने अखंड चिकटवलेले असे आणि स्क्रू केवळ सरस सुकेपर्यंत धरून ठेवण्यापुरते. ओक टाळून सीडार किंवा स्प्रूस घेतले की तेवढ्याच मापात वजन आणखी बरेच कमी होई. कोपरे आतल्या कपाटांनी आणि बाकांनीच ताठ केले जात. छताला किंचित बाक दिला की ते स्वतःच्या आकाराने ताठ राहते आणि पाणीही साचत नाही. छतावर कापड ताणून त्यावर रंगाचे थर चढवण्याची पद्धतही बोटींच्या डेकवरून आणि जुन्या रेल्वे डब्यांच्या टपांवरून उतरली.

१९६० च्या सप्टेंबरमध्ये जॉन स्टाइनबेक आपला कुत्रा चार्ली याच्यासह जीएमसी पिकअपवर बसवलेला कॅम्पर घेऊन देश पाहायला निघाले. १९६२ साली ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या ‘रोसिनांते’ या गाडीमुळे कॅम्पर घराघरांत ओळखीचा झाला. ती गाडी आता कॅलिफोर्नियातील सलिनास येथील स्टाइनबेक संग्रहालयात आहे. तिच्यावरचा कॅम्पर कारखान्यातला होता, आणि या दशकात कारखान्यांचीच भरभराट झाली. मोटार कंपन्याही दणकट पाट्यांच्या खास पिकअप काढू लागल्या. मात्र कारखान्यांतले बरेच कॅम्पर आतून लाकडी पट्ट्यांचे आणि बाहेरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचे असत. पत्र्याच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी आत कोंडून राही आणि पट्ट्या कुजत. दिसायला अधिक टिकाऊ वाटणारा हा प्रकार नीट रंगवलेल्या घरगुती प्लायवूड पेटीपेक्षा अनेकदा आधी मोडीत निघे. शिवाय गाडीच्या कुवतीपेक्षा जड कॅम्पर सर्रास विकले जात. १९७३ पासून अमेरिकी सरकारने कॅम्परवर त्याचे भरलेले वजन लिहिणे आणि ट्रक कंपन्यांनी भाराची मर्यादा व भारमध्याची जागा सांगणे बंधनकारक केले. अंगणात बांधणारे जाणते लोक जे वजनकाट्यावर जाऊन ताडून पाहत, तेच कायद्याने कारखान्यांना लावले.

साठच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरच्या तरुणांनी जुन्या मालट्रकवर घरे बांधायला घेतली. पाडलेल्या इमारतींच्या फळ्या, रंगीत काचेच्या खिडक्या, लाकडी कवलांची छपरे असा त्यांचा थाट होता. जेन लिड्झ यांच्या ‘रोलिंग होम्स’ या १९७९ च्या पुस्तकात त्यांची छायाचित्रे आहेत. कारागिरी म्हणून ती घरे फार देखणी आहेत, पण ती मोठ्या ट्रकांसाठीच शक्य होती. हलक्या कॅम्परला चालना मिळाली ती वेगळ्याच दिशेने. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लहान जपानी पिकअपचा खप वाढला, आणि त्यांच्या हौद्याला जुने जड आराखडे चालणारच नव्हते.

इथे पुन्हा होडीवालेच कामी आले. मिशिगनमधील बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९६९ पासून लाकडासाठी इपॉक्सी विकसित केले आणि १९७९ मध्ये बोटबांधणीवरच्या आपल्या ग्रंथात त्याची पद्धत मांडली. पातळ तक्ते तारेने टाके घालून जोडायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनने बसवायची, ही ब्रिटनमधल्या मिरर होडीने साठच्या दशकात रूढ केलेली रीतही कॅम्परला लागू झाली. कोपऱ्यातल्या लाकडी पट्ट्या त्यामुळे गळाल्या. पुढे घरांच्या उष्णतारोधनासाठी विकले जाणारे पॉलिस्टायरीन फोमचे तक्ते मध्ये आणि दोन्ही अंगांना तीन मिलिमीटरचे प्लायवूड, अशा भिंती होऊ लागल्या. दोन ताठ पापुद्रे एकमेकांपासून लांब ठेवले की भिंत वाकायला कठीण जाते, मग मधला गाभा कितीही हलका असो. अलीकडच्या काही बांधणाऱ्यांनी बाहेरचे प्लायवूडही काढून टाकले आहे. ते फोमवर सुती कॅनव्हास पाण्याला टिकणाऱ्या लाकूडकामाच्या गोंदात भिजवून चिकटवतात आणि वर घराला लावायच्या बाहेरच्या रंगाचे थर देतात. लाकूड उरते ते दाराखिडक्यांच्या चौकटीत, तळाशी आणि गाडीला जिथे साखळ्या आवळायच्या तिथे. अशी रिकामी पेटी अनेकदा दोनतीन माणसांना उचलून हौद्यात ठेवता येते.