‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ : रंग आणि चेतनगुणोक्ती

वॉल्ट डिस्ने यांच्या ‘सिली सिम्फनीज’ मालिकेतील ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ (१९३२, दिग्दर्शक बर्ट जिलेट) हा लघुपट ‘पहिला रंगीत ॲनिमेशनपट’ म्हणून वारंवार उल्लेखिला जातो. हे विधान काटेकोर नाही. अब आयवर्क्स यांचा ‘फिडलस्टिक्स’ दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये १९३० सालीच झाला होता. तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही घटकांची नोंद करणाऱ्या टेक्निकलरमधील पहिला प्रदर्शित चित्रपट, हा त्याचा खरा मान. ॲनिमेशनपटांसाठीचे पहिले ऑस्करही त्यालाच मिळाले. मात्र या अग्रमानामुळे त्याच्या कलामूल्याची चिकित्सा बहुधा राहूनच गेली.

या लघुपटाचे काम मुळात कृष्णधवल स्वरूपात सुरू झाले होते; पुढे ते रंगात नव्याने करण्यात आले. ही माहिती केवळ निर्मितीच्या इतिहासापुरती नाही. रंगाची जाणीव नसलेली रेखा आणि तिच्यावर नंतर चढलेला रंग यांच्यातील दुरावा या कलाकृतीच्या घाटातच राहून गेला आहे.

कथावस्तू जुन्या मेलोड्रामाची आहे. एक तरुण वृक्ष, त्याची प्रेयसी आणि तिच्यावर डोळा ठेवणारा पोकळ खोडाचा म्हातारा वृक्ष. द्वंद्वात हरल्यावर म्हातारा वनाला आग लावतो. चेतनगुणोक्ती या अलंकाराचे सामर्थ्य दुहेरी प्रतीतीत असते : झाडाला मानवी भाव लाभतो, पण त्याचे झाडपण लोपत नाही. पूर्वार्धात ही दुहेरी प्रतीती जवळजवळ नाहीशी होते. व्यायाम करणारी, लाजणारी, वीणेसारखे वाद्य छेडणारी ही झाडे म्हणजे सालीचा पोशाख चढवलेली माणसेच. नायिकेला तर कमनीय बांधा आणि लाडिक हालचाली यांपलीकडे काही व्यक्तित्वच नाही. रंगही येथे नैतिक खुणेचे काम करतो : हिरवे ते सद्गुणी, वठलेले ते दुष्ट. (शूबर्ट, रॉसिनी आदींच्या रचनांचे तुकडेही अशाच तयार भावसंकेतांसाठी वापरले आहेत.)

आग लागते आणि सारेच पालटते. जळणे हे झाडाचे स्वतःचे भय आहे. ते माणसाकडून उसने घ्यावे लागत नाही. तांबड्या-पिवळ्या ज्वाळा हिरव्या वनावर चालून येतात तेव्हा रंग हीच कृती होते, आणि कृष्णधवल आवृत्तीत हा संघर्ष कल्पिताही येत नाही. पक्षी ढगाला भोके पाडून पाऊस आणतात, ही कल्पनाही निखळ दृश्यभाषेतली आहे. डिस्नेपटांतील आकारांच्या अस्थिरतेचा विचार करताना सेर्गेई आयझेनस्टाइन यांना अग्नीच्या नित्य बदलत्या रूपाची आठवण व्हावी, याचे मर्म या प्रसंगात उमगते. तरीही ज्वाळांना हातपाय देण्याचा मोह येथे आवरलेला नाही, आणि त्या प्रमाणात दाहकता उणावते.

शेवटी काजव्याची अंगठी, विवाह आणि इंद्रधनुष्य. इंद्रधनुष्य कथेच्या गरजेपेक्षा नव्या प्रक्रियेच्या जाहिरातीसाठी अवतरल्यासारखे वाटते. सारे रंग एकाच चौकटीत दाखवण्याची अशी संधी कोण सोडील?

व्यक्तित्वाची उणीव जिलेट यांनीच पुढच्या वर्षी ‘थ्री लिटल पिग्स’मध्ये भरून काढली, तेथे सारख्याच दिसणाऱ्या तीन डुकरांचे स्वभाव कृतीतून वेगळे होतात. झाडपणाचा प्रश्न मात्र १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’पर्यंत थांबला. त्या लघुपटात पडक्या पवनचक्कीवर येणाऱ्या वादळाला ना चेहरा आहे, ना खलनायकाची गरज.